तारेखालचा लिंब

बिर्लानगरात राहणाऱ्यांना उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची एक लहानशी चौकट आधी बघायची सवय लागलेली असते. "आज इन क्षेत्रों में बिजली बंद रहेगी" असं वर लिहिलेलं असतं आणि खाली मोहल्ल्यांची यादी. यादीत आपली लाइन असली की सकाळी सातलाच मोटर लावून टाकी भरायची, मिक्सरची कामं उरकायची, फोन चार्ज करून ठेवायचे. चार वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात मीही हे सगळं केलं. चटणीसुद्धा वाटून ठेवली आणि भाजी आणायला हजिऱ्याला गेले. वीज कशासाठी बंद ठेवतात हा प्रश्न काही मनात आला नाही. इतक्या वर्षांत कधी आला नव्हता.

अकराच्या सुमारास परत आले तर गल्लीच्या कोपऱ्यावरूनच आमचं घर दिसलं. तिथेच माझा पाय अडखळला, कारण कोपऱ्यावरून आमचं घर कधी दिसतच नसे. दिसायचा तो लिंब. घर त्याच्यामागे असायचं.

लिंबाचं खोड शिल्लक होतं, आणि वर हात तोडल्यासारखे तीन खुंट. बाकी सगळा हिरवा ढीग रस्त्यावर पडला होता. त्याचा कडवट वास पार घरात शिरला होता. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून बघत होत्या. मला म्हणाल्या, "मी हाक मारली गं त्यांना. पण ती पोरं वर, मी खाली. ऐकू कुठे जातंय."

काम करणारी टोळी तोवर पुढच्या घरापाशी गेली होती. फांद्यांच्या ढिगात होल्याचं घरटं होतं. घरटं कसलं, चार काड्या. दोन पांढरी अंडी, त्यातलं एक फुटलेलं. टोळीतल्या एका पोराने ते जपून उचलून उरलेल्या खुंटाच्या बेचक्यात ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत होल्याची जोडी समोरच्या तारेवर येऊन बसत होती, उडत होती. दुसऱ्या दिवशी आली नाही.

आता या लिंबाचं आणि आमच्या बागेचं नातं सांगायला हवं, नाहीतर एवढं दुःख कशाचं असं वाटेल. ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं बिर्लानगरबद्दल. घनश्यामदास बिर्लांनी 1921 मध्ये इथे जियाजीराव कॉटन मिल काढली, तिला सगळे जे. सी. मिल म्हणत. 1947 मध्ये ग्वाल्हेर रेयॉन आली. त्या कारखान्यांभोवती कामगारांच्या वसाहती वाढल्या, आणि त्यांच्या रांगांना अजूनही लाइन नंबर अमुक, लाइन नंबर तमुक असंच म्हणतात. लष्करातली मराठी मंडळी शिंद्यांच्या दरबारामुळे आली, वाड्यांत राहिली. आमच्यासारखे काही जण नोकरीपायी इकडे सरकले. 1990 च्या दशकात मिल बंद पडली. भोंगा थांबला, पाळ्या थांबल्या, पुष्कळ घरं गेली. राहिली ती कामगारांनी आपापल्या दारात लावलेली झाडं. लिंब, पिंपळ, शिरीष, कुठे एखादी चिंच.

आमचा लिंब माझ्या सासऱ्यांनी लावलेला, पण तो आमच्या आवारात नाही. कुंपणाच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला आहे. कागदावर तो आमचा नाही. व्यवहारात मात्र पाडव्याला आसपासच्या चार-पाच मराठी घरांच्या गुढीची डहाळी याच लिंबाची. शेजारच्या भाभीजी शीतलामातेच्या पूजेला पाणी घालतात तेही यालाच. घर पश्चिममुखी, म्हणजे दुपारी दोननंतरचं ऊन थेट अंगणावर. आणि ग्वाल्हेरचं मे-जूनचं ऊन म्हणजे काय ते ज्यांनी एकदा लू खाल्ली आहे त्यांना सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी इथे कोणी त्याची बातमी करत नाही. त्या उन्हाच्या आणि माझ्या बागेच्या मध्ये एकच गोष्ट उभी होती, रस्त्यावरचा लिंब.

बाग म्हणजे भिंत आणि व्हरांडा यांच्यामधली दहा फूट रुंदीची पट्टी. पण त्या सावलीच्या भरवशावर मी तिथे ग्वाल्हेरला न शोभणारी झाडं जगवली होती. अळू होतं, आणि वड्या करण्याएवढं मोठं पान देणारं होतं. पानवेल होती, माहेराहून कागदात गुंडाळून आणलेली. कुंड्यांत नेचे, गवती चहा, ओव्याची पानं. एक मोगराही होता, जमिनीत लावलेला. तो सात वर्षं नुसता वाढत होता आणि फुलं देताना हात आखडत होता.

त्या दिवशी दुपारी दोनला ऊन आलं. तीनपर्यंत अळूची पानं उकडल्यासारखी खाली पडली. संध्याकाळी पानवेलीची वरची पानं कागदासारखी वाजत होती.

पुढचे आठ दिवस मी जे केलं त्यातलं काही बरोबर होतं, काही चुकीचं. पहिली चूक म्हणजे घाबरून भर दुपारी पाणी घातलं. कुंड्या तापलेल्या, माती तापलेली, वरून पाणी. नेच्यांची मुळं त्यातच गेली असावीत. दुसरी चूक, करपलेली पानं लगेच कापून टाकली. पान अर्धं करपलं असलं तरी उरलेलं अर्धं काम करत असतं, आणि मेलेलं पानही खालच्या कोंबाला थोडी सावली देतं. ते मला नंतर कळलं. तिसरी चूक होता होता राहिली. झाडांना "ताकद यावी" म्हणून खत घालणार होते. आमच्या माळीबाबांनी हात धरला. म्हणाले, "बुखार में पूरी-कचौड़ी खिलाओगी क्या?"

बरोबर केलं ते असं. ह्यांनी बाजारातून हिरवी जाळी आणली, निम्मं ऊन अडवते ती. व्हरांड्याच्या पन्हाळीपासून भिंतीवर उभ्या केलेल्या बांबूंपर्यंत ताणून बांधली. जाळी झाडांच्या डोक्यावर टेकू द्यायची नाही, हातभर उंच ठेवायची, नाहीतर तापलेली जाळीच पानं भाजते. उचलता येतील त्या कुंड्या मागच्या बोळात हलवल्या आणि अंगाला अंग लावून ठेवल्या. एकमेकींच्या सावलीत त्या कमी सुकतात. पाणी पहाटे पाचला, आणि नेम धरून बुंध्याशी. आणि रस्त्यावर पडलेला तो लिंबाचाच पाला? तो नेणारा ट्रॅक्टर चार दिवस आला नाही, हे आमच्या पथ्यावर पडलं. पाला सावलीत वाळवून थोडा आईंनी गव्हाच्या कोठीसाठी बाजूला काढला, बाकीचा मी झाडांच्या बुडाशी चार-चार बोटं जाड पसरला. बारीक काटक्याही त्यातच. नुसत्या वर पसरायच्या, मातीत कालवायच्या नाहीत. कच्चं लाकूड मातीत मिसळलं की कुजताना मातीतलाच नत्र ओढून घेतं आणि झाडं पिवळी पडतात.

अळू वाचलं, जमिनीखाली कंद होता म्हणून. गवती चहाला काही झालंच नाही, तो कशानेच मरत नाही. नेचे गेले. पानवेल गेली. पानवेलीबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

एवढं झाल्यावर राग येणारच. मुलगी पुण्यात असते, तिने फोनवर तो आणखी पेटवला. "आई, इथे फांदी तोडायची तरी वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं. तक्रार कर." महाराष्ट्रात 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि त्यात झाड "तोडणे" या शब्दात त्याला इजा करणंही धरलेलं आहे, हे तिने वाचून दाखवलं. मी म्हटलं, आपलं मध्य प्रदेशाचं काय? इथेही शहरी भागांसाठी 2001 चा वृक्षांच्या परिरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष अधिकारी आहे, परवानगीशिवाय झाड पाडता येत नाही. पण आमचं झाड पाडलेलं नव्हतं, बोडकं केलं होतं, आणि तेही विजेच्या तारेसाठी. तारेचा कायदा वेगळा.

तो म्हणजे 2003 चा विद्युत कायदा. त्याच्या 68 व्या कलमात तारेजवळच्या झाडांचा विचार केलेला आहे. तारेला अडथळा होत असेल तर वीज कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी किंवा नेमलेला अधिकारी ते झाड काढायला किंवा त्याची व्यवस्था करायला सांगू शकतो. आणि लगेच पुढच्या उपकलमात आहे ती माझ्या कामाची गोष्ट: झाड तार ओढण्याच्या आधीपासून तिथे असेल, तर ज्याचा त्या झाडाशी संबंध आहे त्याला वाजवी नुकसानभरपाई द्यायची. तार ओढण्याच्या आधीपासून! मला पैसे नको होते, पण हे वाक्य हवं होतं. अर्जात लिहायचं, झाड आमचं आधीचं, तार तुमची नंतरची.

पुरावा कुठून आणायचा? आई म्हणाल्या, "ह्याच्या मुंजीचा फोटो बघ. लिंब आहे त्यात."

ट्रंकेतून फोटो काढला. 1977 चा. कृष्णधवल, कडा पिवळ्या पडलेल्या. मधोमध आमचे हे, लंगोटी, हातात दंड, डोळे उन्हाने मिटलेले. बाजूला सासरे, मिलमधून अर्धा दिवस सुट्टी काढून आलेले. मागे विटांचं गोल कुंपण आणि त्यात काठीएवढा लिंब, त्याला दहा-बारा पानं असतील. मी खूष. मग ह्यांनी चष्मा लावून फोटो खिडकीपाशी नेला आणि काहीच बोलले नाहीत. नुसतं बोट ठेवलं. लिंबाच्या बरोबर मागे विजेचा खांब होता आणि वरून तारा गेल्या होत्या. मोजता येत होत्या, चार.

सासऱ्यांनी लिंब तारेच्या थेट खाली लावला होता.

आईंना सांगितलं तर त्या जराही वरमल्या नाहीत. "तेव्हा सावली हवी होती. तारेकडे कोण बघतंय? एवढीशी तर काठी होती ती." खरंच आहे. रोप लावताना माणूस खाली बघतो, खड्ड्याकडे. वर कोणी बघत नाही. तरी पाच-सहा पावलं बाजूला लावला असता तर पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं कुणाच्याच कुऱ्हाडीला काम पडलं नसतं. आता तुम्ही रस्त्याकडेला काही लावणार असाल तर एकदा मान वर करून बघा, एवढंच सांगते. तारेखाली बुटकी झाडं लावावीत: कण्हेर, तगर, पारिजातक, जास्वंद. लिंब-पिंपळ-शिरीष यांना मोकळं आभाळ द्यावं.

अर्ज मी फाडला नाही, पण बदलला. भांडायला जाणार होते ती विचारायला गेले, की तुम्ही कापता कसं आणि का. विभागाच्या कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याने खुर्ची दिली, आणि जे सांगितलं ते इतकं साधं होतं की मला आधीच कळायला हवं होतं. उघड्या तारांवर वाऱ्याने ओली फांदी टेकली की दोन तारा एकमेकींना मिळतात किंवा वीज फांदीतून जमिनीत उतरते, आणि सगळा फीडर बंद पडतो. जूनमधल्या धुळीच्या वादळात हे एका रात्रीत दहा ठिकाणी होतं. म्हणून पावसाळ्याआधी एक छाटणी आणि पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, दुसरी. वादळाच्या रात्री वीज गेली की "अजून आली नाही" म्हणून फोन करणाऱ्यांत मीही असते, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या रजिस्टरात असेलच.

छाटणीचं काम ठेक्यावर जातं. त्या टोळीतला, घरटं उचलून ठेवणारा पोरगा नंतर पाणी प्यायला आला होता. त्याने मला दुसरी बाजू सांगितली. "आंटीजी, बंदी तीन घंटे की मिलती है. पूरी लाइन निकालनी है." तीन तासांत वीस-पंचवीस झाडं. प्रत्येक फांदीचा विचार करत बसला तर निम्मी लाइन राहते आणि बोलणी बसतात. मग जिथे शिडी पोहोचेल तिथून सरळ उडवायचं. त्यात राग धरण्यासारखं काय आहे?

पण त्या घाईची किंमत झाड भरतं, आणि नंतर टोळीही. हे मला वाचून कळलं. अमेरिकेत अॅलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते, तिथल्या सरकारी वनखात्यात. 1959 पासून पुढे त्यांनी हजारो झाडं यांत्रिक करवतीने उभी चिरून आतल्या जखमा तपासल्या. तोवर सगळे समजत होते की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येते. शायगोंनी दाखवलं की झाड जखम भरत नाही, बंद करतं. कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. जुनी जखम आत तशीच राहते, जन्मभर. आणि ही भिंत घालण्याचं साहित्य फांदीच्या बुडाशी, जिथे ती खोडाला मिळते तिथल्या फुगीर वळीत असतं. कोणत्याही लिंबाजवळ जाऊन बघा, फांदीच्या मुळाशी बांगडी घातल्यासारखी जाड कड दिसेल. कापायचं ते त्या कडेच्या लगेच बाहेर. कड सोडून हातभर लांब कापलं तर खुंट राहतो, तो वाळतो आणि कूज आत नेतो. कडेसकट खोडाला घासून कापलं तर भिंत घालणारा गवंडीच गेला.

जाड फांदी तीन वेळा कापायची असते. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट. मग त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. शेवटी उरलेला खुंट कडेपाशी. कापलेल्या जागी डांबर, रंग, शेण काही लावायचं नाही. आपल्याकडे डांबर फासतात, त्याने आत ओल कोंडते. चुन्याचं मात्र वेगळं आहे. अचानक उघडी पडलेली खोडाची साल कडक उन्हात भाजते, फाटते. तिला पातळ चुना फासला तर ऊन परतवलं जातं. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुना लावतात तो मला नुसता सरकारी शृंगार वाटायचा.

आणि सरसकट बोडकं केलेलं झाड काय करतं? पानं गेली म्हणजे स्वयंपाकघर गेलं. मग ते जिवाच्या आकांताने खुंटाभोवती शंभर कोंब काढतं. आमच्या लिंबाने ऑगस्टमध्ये काढले, केरसुणीसारखे. बघायला आनंद झाला. पण हे कोंब सालीखालून उगवलेले असतात, फांदीसारखे खोडात मुरलेले नसतात. सरळ वर धावतात, म्हणजे तारेकडेच, आणि जाड झाले की वादळात पहिले तेच तुटतात. जेवढं वेड्यासारखं कापाल तेवढी पुढच्या वर्षी छाटणी जास्त.

शंभरातले पंधरा-वीस कोंब ठेवून बाकीचे माळीबाबांनी खालून, हाताने पोचतील तेवढे कोवळे असतानाच खुडले. ठेवले ते रस्त्याच्या आणि अंगणाच्या बाजूला जाणारे. तारेकडचे सगळे काढले. वरचे जे राहिले त्यांना आम्ही हात लावला नाही. हे ठळक सांगते, कारण आपल्यात हौशी लोक फार. तारेजवळची फांदी घरच्या माणसाने, माळ्याने, कोणीही स्वतः कापायची नाही. ओला बांबू आणि ॲल्युमिनियमची शिडी दोन्हींतून वीज येते. फांदी तारेवर पडलेली दिसली तर तिच्या जवळसुद्धा जायचं नाही, वीज केंद्राला फोन करून वाट बघायची.

एक अपराध मात्र निखालस आमचा होता. लिंबाभोवती आम्ही दहा वर्षांपूर्वी सिमेंटचा चबुतरा बांधला होता, खोडाला अगदी भिडवून. संध्याकाळी लोक बसत, दिसायला छान. भाभीजी शीतलामातेला पाणी घालत ते चबुतऱ्यावरून वाहून गटारात जाई. झाडाला नव्याने सगळी पानं काढायची तर पाणी हवं, आणि मुळांवर आम्हीच झाकण घातलेलं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढायला सांगितलं होतं, ते तेव्हा मी पेपरात वाचून "बरं झालं" म्हटलं होतं. घरी बसून, चबुतऱ्याकडे बघत. गणपतीच्या आधी मिस्त्री बोलावला आणि चारी बाजूंनी हात-सव्वा हात फोडून घेतलं. खाली माती पांढरी आणि दगडासारखी होती. ह्यांनी सब्बल धरली, मी घमेली. शेजारच्या पोरांनी मदत केली. बसायची जागा कमी झाली म्हणून दोन आजोबा अजून आमच्यावर नाराज आहेत.

झाड तोडायला कुऱ्हाडच लागते असं नाही, हे ग्वाल्हेरकरांना निराळं सांगायला नको. आमच्या घराजवळच, हजिऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी चिंच आहे. तिचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणून येणाऱ्या प्रत्येक गवयाने दोन पानं तोडली. मूळचं झाड कधीच गेलं. आता आहे ती नंतरची चिंच, आणि तिच्याकडेही लोक तोंड वर करून बघतच असतात. प्रेमाने चबुतरा बांधणारे आम्ही त्याच जातीचे.

आता पुढच्या वर्षी काय करायचं? माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली होती: छाटणी थांबवता येणार नाही, पण तिची वेळ बदलता येईल का? जूनमध्ये सावली जाते तेव्हा बाग मरते. पण दिवाळीनंतर? नोव्हेंबर ते फेब्रुवारी ग्वाल्हेरात धुकं, दहिवर, कडाक्याची थंडी. तेव्हा मला ऊन हवंच असतं, आणि लिंबाच्या सावलीमुळे अंगणात मेथीसुद्धा धड येत नसे. लिंब स्वतःही फाल्गुनाच्या सुमारास पानं गाळतो आणि चैत्रात तांबूस पालवी घेऊन येतो. म्हणजे मोठी कापणी दिवाळीच्या फेरीत झाली तर हिवाळाभर अंगणाला ऊन, चैत्रात झाडाला नवी पालवी, आणि मेपर्यंत सावली परत. जूनच्या फेरीत फक्त तारेला टेकणारे शेंडे.

हेच एका पानावर लिहून कार्यालयात दिलं. सोबत फोटो काढून त्यावर खडूच्या रंगात कुठल्या फांद्या कापाव्यात ते दाखवलं. तारेकडे जाणाऱ्या तिच्या जोडाशी, बाजूच्या फांद्या ठेवून. असं कापलं की झाडाच्या मधोमध खिंड पडते आणि तार त्या खिंडीतून जाते. झाड दिसायला विचित्र होतं, मधला भांग काढल्यासारखं. पण जिवंत राहतं आणि हळूहळू तारेपासून दूर वाढायला शिकतं. शिवाय खालच्या चार तारांच्या जागी मध्यंतरी आमच्या लाइनीत काळी रबरी आवरणाची केबल आली होती. तिला फांदी घासू नये एवढी मोकळीक पुरते, उघड्या तारेएवढी नाही. हे अभियंत्यानेच सांगितलं. "लिखकर दिया है तो देखेंगे," म्हणाला. मी जास्त आशा धरली नाही.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी यादीत आमची लाइन आली. त्या दिवशी मी हजिऱ्याला गेले नाही. सकाळीच चहाचं पातेलं चढवलं, फराळाचं ताट काढलं आणि रस्त्यावर खुर्ची टाकून बसले. तोच पोरगा आला. त्याच्या मुकादमाच्या हातात माझा कागद नव्हता, पण माझ्याकडे दुसरी प्रत होती. कापायच्या फांद्यांना, खालून काठीने पोचल्या तेवढ्यांना, आदल्या दिवशीच लाल चिंध्या अडकवून ठेवल्या होत्या. पोराने वर बघितलं, हसला. "शादी है क्या पेड़ की?" आमच्या झाडाला त्याला वीस मिनिटं लागली, बाकीच्यांना सात-आठ. ती जास्तीची बारा मिनिटं भरून काढायला ह्यांनी आणि शेजारच्या दोघांनी खाली पडलेल्या फांद्या ओढून बाजूला केल्या, म्हणजे टोळीला ते काम राहिलं नाही. सगळे काप कडेपाशी झाले नाहीत. दोन खुंट राहिले, एके ठिकाणी साल सोलली. पण मुकुट राहिला.

त्या हिवाळ्यात पहिल्यांदा अंगणात मेथी, कोथिंबीर आणि चार वाफे मटार झाले. मार्चमध्ये मी जाळी काढून तयार ठेवली, मे महिन्यात ती निम्मीच लागली.

आणि मोगरा. याबद्दल मला अजून नीट काय वाटावं ते ठरत नाही. सात वर्षं हात आखडून बसलेला तो मोगरा, लिंब बोडका झाला त्या पावसाळ्यातच ओंजळभर फुलला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तर सकाळी परडी भरायची. रोज. आईंच्या देवाला, भाभीजींच्या देवाला, पलीकडच्या घरी मुलगी माहेरपणाला आली होती तिच्या वेणीला. त्याला एवढंच हवं होतं, ऊन. माझ्या पानवेलीचा जीव गेला त्या उन्हावर तो पोसला. आता लिंब परत भरत चालला आहे आणि मोगऱ्याच्या कळ्या वर्षागणिक कमी होत आहेत. त्याला उचलून दक्षिणेच्या कोपऱ्यात लावावं असं हे म्हणतात. आई म्हणतात, एवढ्या जुन्या मोगऱ्याला हलवू नका. पावसाळ्यात त्याच्या दोन फांद्या दाबून ठेवल्या आहेत, मुळं फुटली की बघू.

मुंजीचा तो फोटो मी फ्रेम करून व्हरांड्यात लावला आहे. गेल्या दिवाळीत छाटणी झाल्यावर पोरगा चहा प्यायला आत आला, आता तो स्वतः मुकादम झाला आहे. चकली खाता खाता फोटोपाशी उभा राहिला. मी म्हटलं, हाच तो तुझा लिंब. त्याने लिंबाकडे बघितलंच नाही.

"आंटीजी," तो म्हणाला, "खंभा तो हमारा पहले का है."

मी त्याच्या ताटात आणखी दोन चकल्या वाढल्या.